तीन दिवे

सकाळी सव्वासातला गाडी सुरू झाली आणि तिथेच उभी राहिली. इंजिन चालू, उजवा पाय ब्रेकवर घट्ट, आणि गिअरचा लिव्हर ‘पी’वरून, म्हणजे पार्कवरून, तसूभर हलायला तयार नाही. लिव्हरच्या बाजूचं बटण दाबलं तर तेही आत जाईना, जणू खाली दगड लागला होता. मी पाय काढला, परत दाबला. गाडी बंद केली, किल्ली काढली, घातली, परत सुरू केली. काही नाही.

आम्ही आत्याकडे आलो होतो, पाचगणीच्या पुढे भिलारच्या बाजूला. जुलै महिना. दारापुढचं धुकं असं की आत्याची तुळस दिसत होती आणि तिच्यामागचं फाटक दिसत नव्हतं. घरापासून रस्त्यापर्यंत चिंचोळी उताराची वाट आहे. त्या वाटेवर आमची गाडी, तोंड घराकडे आणि पाठ रस्त्याकडे. आमच्यापुढे, वरच्या अंगाला, शेजाऱ्यांचा दुधाचा टेम्पो. त्याचे कॅन भरून झाले होते आणि आम्ही हटल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नव्हतं. दूध थांबत नाही. पोरगा बिचारा हॉर्नही वाजवत नव्हता, नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून आमच्याकडे बघत होता, आणि त्यानं मला जास्तच कानकोंडं होत होतं.

अण्णा पायरीवर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

“काय झालं गं?”

“पार्कमधून निघतच नाहीये, अण्णा.”

अण्णांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. ऑटोमॅटिक गाडी त्यांनी आयुष्यात हातात घेतलेली नाही. माझा डावा गुडघा दुखायला लागल्यावर मी ही गाडी घेतली, तेव्हा त्यांनी क्लचच्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहिलं होतं आणि फक्त “पायाला काम नको व्हय?” एवढं म्हणाले होते. ‘पी’ म्हणजे काय, हे मी त्यांना तेव्हा नीट सांगितलंही नव्हतं. आता सांगितलं, घाईघाईनं, काच खाली करून.

गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चक्र असतं. लिव्हर ‘पी’वर नेला की एक छोटा पोलादी अडसर त्याच्या दोन दातांच्या मध्ये पडतो. बस, एवढंच. गाडीचं सगळं वजन त्या बोटाएवढ्या तुकड्यावर येऊ शकतं, म्हणून चढ-उतारावर आधी पायाचा ब्रेक, मग हॅन्डब्रेक, आणि सगळ्यात शेवटी ‘पी’ असा क्रम ठेवायचा. क्रम उलटा झाला की गाडी त्या अडसरावर लटकते, आणि सकाळी लिव्हर ओढताना जीव काढावा लागतो. मग तो ‘धाड’ करून सुटतो.

“मग तसंच झालं असंल. वजन आलंय त्याच्यावर,” अण्णा म्हणाले.

मलाही आधी तेच वाटलं. पण वजन आलेलं असतं तेव्हा बटण आत जातं आणि लिव्हर जड लागतो. इथे बटणच जात नव्हतं. शिवाय हॅन्डब्रेक रात्री मी स्वतः ओढला होता, चार खटके. म्हणजे अडसर नव्हे, त्याच्या वरचं कुलूप सुटत नव्हतं.

हे कुलूप कशासाठी असतं, तेही सांगायला हवं. कारण त्या सकाळी मी त्याच्यावर चिडले होते, आणि तासाभरात ते चिडणं कुठल्या कुठे गेलं.

ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर पाय असल्याशिवाय ‘पी’मधून बाहेर पडता येत नाही. हे पूर्वी नव्हतं. 1980च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 या गाडीबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. गाडी उभी होती, ‘पी’तून काढली आणि आपोआप सुसाट सुटली, असं लोक सांगत होते. काहींनी त्यात माणसं गमावली. नोव्हेंबर 1986मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात ते आलं आणि गाडीचं नाव कायमचं काळवंडलं. कंपनीनं 1987मध्ये त्या गाड्या परत बोलावून त्यांना हे कुलूप बसवलं. 1989मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याचा अहवाल आला. जिथे यंत्रात दोष सापडला नाही, तिथे बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांच्या घरात माणूस गेलं त्यांना तो वाचून काय वाटलं असेल, ते मी कल्पनेतही आणू शकत नाही. पण उपाय मात्र दोषारोपात न अडकता साधा निघाला: पाय ब्रेकवर आहे हे कळेपर्यंत गाडीनं लिव्हर सोडायचाच नाही.

पुढे 2008मध्ये तिथे मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक कायदा झाला. गाडी मागे घेताना चाकाखाली गेलेल्या कॅमेरॉन गलब्रॅन्सन या दोन वर्षांच्या मुलाचं नाव त्याला दिलेलं आहे. गाडीत बसलेल्या मुलांच्या हातून लिव्हर ‘पी’तून निघतो आणि गाडी घरंगळते, अशा अपघातांचाही विचार त्या कायद्यात झाला आणि हे कुलूप तिथे सक्तीचं ठरलं. 1 सप्टेंबर 2010पासून बनणाऱ्या, ‘पी’ असलेल्या हलक्या गाड्यांना ते लागतंच.

आपल्याकडच्या अनेकांना हे सगळं परकं वाटेल, कारण त्यांच्या ऑटोमॅटिकला ‘पी’ नसतोच. 2014मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर जी एएमटी (साध्या गिअरबॉक्सलाच आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा जोडलेला प्रकार) आपल्याकडे आली, तिच्या लिव्हरवर साधारणपणे ‘एन’, ‘आर’, ‘डी’ आणि हातानं गिअर बदलायचा ‘एम’ एवढंच असतं. त्या गाड्या गिअरमध्ये ठेवून हॅन्डब्रेक ओढायचा असतो. ‘पी’ असतो तो टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि बहुतेक ड्युअल क्लच या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाड्यांना. माझी सीव्हीटी, तीही जुनी, किल्ली फिरवून सुरू होणारी. बटणाची असती तर बहुतेक इंजिनही सुरू झालं नसतं, कारण बटणाच्या गाड्या सुरू होण्यासाठीसुद्धा ब्रेकचा निरोप मागतात.

निरोप हाच शब्द बरोबर आहे. गाडीला आपला पाय दिसत नाही. तिला कोणीतरी सांगावं लागतं.

मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीनं अदबीनं सांगितलं की साताऱ्याहून फ्लॅटबेड, म्हणजे गाडी अख्खी पाठीवर घेणारा ट्रक, येईल, तीन-चार तास लागतील, आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. ते खरंच आहे. ‘पी’त अडकलेल्या फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा) गाडीची पुढची चाकं बांधलेली असतात. तशी फरपटत नेली तर तो बोटाएवढा अडसर तुटून गिअरबॉक्समध्ये पडू शकतो.

मी फोनवर बोलत होते तेवढ्यात अण्णांनी त्यांचं काम सुरू केलं होतं. आधी अंगणाच्या कडेचे दोन धोंडे उचलून मागच्या दोन्ही चाकांमागे ठेवले आणि पायानं ठोकून पाहिले. मग ते गाडीभोवती फिरायला लागले. हे फिरणं माझ्या लहानपणापासूनचं ओळखीचं आहे. वाई डेपोतून पहाटेची गाडी काढायच्या आधी ते असेच एक फेरी मारायचे. टायरला काठी मारायची, खाली वाकून तेलाचा थेंब बघायचा, कंडक्टरला मागे उभं करून दिवे बघायचे. सुट्टीत त्यांच्याबरोबर गेले की मागे उभं राहायचं काम माझं असायचं. “लागला का?” “लागला!” “आता?” “आता पण!” त्या धुरकट अंधारात तो लाल दिवा लागला की मला वाटायचं, तो मीच लावला.

आता ते मागे होते आणि मी पुढे.

“ब्रेक दाब.”

दाबला.

“दाबला का?”

“दाबलाय, अण्णा.”

“न्हाई लागत.”

मी पाय आणखी जोरात रोवला. अण्णा वाकले, डाव्या दिव्यावर तळहाताची ओंजळ धरली, मग उजव्यावर, मग मागच्या काचेतल्या वरच्या पट्टीवर. धुक्याचा उजेड फसवतो, म्हणून. परत सरळ झाले.

“तिन्ही बंद हायत. एक जाईल, दोन जातील. तिन्ही बल्ब एका रात्रीत जात न्हाईत.”

मी तशीच बसून राहिले. मला कळलं होतं.

ब्रेकच्या पेडलमागे, दांडीच्या वरच्या टोकाशी, एक स्विच असतो. पेडल वर असताना त्याचं बोंडूक आत दाबलेलं राहतं. पाय पडला की पेडल खाली जातं, बोंडूक बाहेर येतं आणि आत दोन पत्रे एकमेकांना टेकतात. त्यातून निघालेला प्रवाह मागचे तीन दिवे लावतो. आणि तोच निरोप लिव्हरखालच्या सोलेनॉइडकडे जातो. ते एक छोटं विजेचं लोहचुंबक, निरोप मिळाला की खिट्टी ओढून घेतं. चांगल्या गाडीत कान दिला तर ब्रेक दाबल्यावर लिव्हरखालून ‘टक्’ असा आवाज येतो. तो मी चार वर्षं रोज ऐकत होते आणि त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या सकाळी तो नव्हता.

म्हणून लिव्हर अडला की पहिलं काम एकच: कुणालातरी मागे उभं करा. एकटे असाल तर गाडीची पाठ भिंतीकडे आहे का पाहा आणि आरशात लाल उजेड शोधा. दिवे लागत असतील तर पेडलचा स्विच बहुधा ठीक आहे, बिघाड पुढे लिव्हरपाशी असेल. सोलेनॉइड गेलेलं असेल, वायर तुटली असेल किंवा लिव्हरच्या खाचेत कधीतरी सांडलेला गोड चहा आत चिकटून बसला असेल (हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं). दिवे लागत नसतील तर फ्यूज किंवा स्विच. आणि डॅशबोर्डच मलूल असेल तर आधी बॅटरी बघा. तिच्यात जोर नसेल तर सोलेनॉइड खिट्टी ओढू शकत नाही.

फ्यूज आम्ही तपासला. स्टिअरिंगखालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता असतो. अण्णांनी चिमट्यानं फ्यूज काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि तो आकाशाकडे धरून पाहिला. आतली तार सलग होती.

राहिला स्विच.

यानंतर मला जे आठवलं, त्यानं माझे हात गार पडले. आदल्या संध्याकाळी आम्ही वाईला चहासाठी थांबलो होतो. तिथून निघताना लिव्हर पहिल्या झटक्यात निघाला नव्हता. मी पाय उचलून परत दाबला आणि तो निघाला. त्या आठवड्यात पुण्यातही दोनदा तसं झालं होतं. मी त्याला ‘गाडी जुनी झाली’ म्हणून सोडून दिलं होतं. म्हणजे स्विच आठवडाभर मधूनमधून मरत होता. वाईत तो शेवटचा बोलला आणि आत्याच्या दारात गाडी उभी करेपर्यंत कधीतरी गप्प झाला. ‘पी’त जायला गाडी ब्रेकचा निरोप मागत नाही, त्यामुळे पोचल्यावर कळायची सोयच नव्हती. आणि वाई ते आत्याचं दार म्हणजे मध्ये अख्खा पसरणी घाट.

सातशे मीटरवरून तेराशे मीटरवर नेणारा तो रस्ता, धुकं, पाऊस, संध्याकाळचे साडेसात. मागच्या सीटवर सहा वर्षांची ओवी झोपलेली. एका वळणावर पुढे म्हैस आडवी आली म्हणून मी जोरात ब्रेक दाबला होता आणि मागून येणारा ट्रक आमच्या इतक्या जवळ येऊन थांबला होता की आरशात नुसती त्याची जाळी दिसत होती. त्यानं लांबलचक हॉर्न दिला. मी त्याला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. त्याला काय दिसलं असेल? हेडलाइटबरोबर लागणारे मागचे मंद लाल दिवे दिसत होते. ब्रेक लावल्यावर ते ठळक व्हायला हवेत, ते झालेच नसणार. त्याच्यासाठी मी चालतच होते. त्यानं आम्हाला अंतर मोजून, डोळ्यांच्या भरवशावर वाचवलं होतं. तो कोण होता मला माहीत नाही. त्याची माफी मागायची राहून गेली आहे.

मी हे अण्णांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी दिव्याच्या काचेवरचं पाणी सदऱ्याच्या बाहीनं पुसलं.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एकाच स्विचवर दोन कामं टांगलेली होती. तो मेला तेव्हा दिवे न बोलता मेले. चालवणाऱ्याला स्वतःचे ब्रेकचे दिवे कधीच दिसत नाहीत. कुलूप मात्र बंद अवस्थेत मेलं. ते ज्यानं कुणी आखलं त्यानं ठरवलं होतं, की निरोप नाही तर सुटका नाही, शंका असेल तर गाडी जागेवर. ते उलटं आखता आलं असतं, म्हणजे बिघाड झाला की लिव्हर मोकळा. मग मी सकाळी सहज निघाले असते, गाणं लावलं असतं आणि घाट उतरले असते. चढण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ब्रेक लावत, तेही मागच्या कुणालाही न कळता.

आणि आदल्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट. आल्यावर मी सामान उतरवत होते तेव्हा ओवी गाण्यांसाठी किल्ली अर्धी फिरवून ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. ती तोंडानं ‘घुर्रर्र’ करत दोन्ही हातांनी लिव्हर ओढत होती. गाडीच्या पाठीमागे उतार, आणि उताराच्या टोकाला रस्ता. मी तिला दोनदा म्हटलं, “खेळू नकोस गं त्याच्याशी,” आणि पिशव्या घेऊन आत गेले.

टेम्पोला वाट द्यायची होती. त्यासाठी एक तात्पुरती सोय असते, ती मला गाडीच्या पुस्तिकेत सापडली. लिव्हरच्या शेजारी नखाएवढं प्लॅस्टिकचं टोपण असतं, बऱ्याच गाड्यांत त्यावर ‘शिफ्ट लॉक’ असं लिहिलेलं असतं. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून ते उचकटायचं. खालच्या भोकात किल्ली किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून दाबून धरायचं, म्हणजे जे काम सोलेनॉइड करतं ते आपण हातानं करतो, आणि लिव्हर सुटतो. इतकं सोपं आहे म्हणूनच सांभाळून करायचं. हॅन्डब्रेक ओढलेला, पाय पायाच्या ब्रेकवर पूर्ण दाबलेला, चाकांना धोंडे, आणि पुढे-मागे एकही माणूस नको. कुलूप सुटलं आणि धोंडे, हॅन्डब्रेक काढले की गाडी फक्त तुमच्या पायावर उभी असते.

आत्यानं ओवीला आत नेऊन दार लावलं. अण्णा रस्त्यावर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवलं. टेम्पोच्या पोरानं माझ्या खुणेनंतर धोंडे बाजूला ओढले आणि लांब झाला. किल्ली दाबली, बटण दाबलं. लिव्हर लोण्यातून सुरी जावी तसा ‘आर’वर गेला. तीस-चाळीस फूट मागे, रस्त्याच्या कडेच्या सपाट जागेवर, परत ‘पी’, परत हॅन्डब्रेक. एवढ्यानं माझी पाठ घामानं भिजली. दुधाचा टेम्पो निघाला. जाताना पोरानं हात केला.

“आता अशीच हळूहळू नेऊ का वाईपर्यंत?” मी विचारलं. साडेदहाला माझी पुण्यात मीटिंग होती.

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “दिव्याशिवाय घाट न्हाई.”

त्यांनी वाईच्या एका जुन्या ओळखीच्या वायरमनला फोन लावला. तो दीड तासानं मोटरसायकलवरून आला, रेनकोट निथळत, डिकीत स्विच घेऊन. गाडीच्या दारातून उलटा आत शिरला, डोकं पेडलपाशी, पाय बाहेर पावसात. मोबाइलचा उजेड दातांत धरला. स्विचची पिन काढली आणि तिच्या दोन टोकांमध्ये वायरचा इंचभर तुकडा घातला. त्या क्षणी लिव्हरखाली ‘टक्’ झालं, आणि मागून अण्णांचा आवाज आला, “लागला!”

जुना स्विच त्यानं माझ्या हातावर ठेवला. अंगठ्याच्या पेराएवढा. बोंडूक दाबलं की वर यायला क्षणभर उशीर करत होतं. उघडून दाखवला तेव्हा आतले पत्रे काजळी धरल्यासारखे काळे पडलेले होते. नवा स्विच आणि मजुरी मिळून साडेसातशे रुपये. अण्णांनी त्याला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही, आणि जाण्याआधी माझ्याकडून बारा वेळा ब्रेक दाबून घेतला. बाराही वेळा मागे उभे राहून मोजले. शेवटी ओवीला जवळ बोलावून तिला उभं केलं आणि स्वतः बाजूला झाले.

“लागला का?” मी ओरडले.

“लागला!”

“आता?”

“आता पण!”

निघेपर्यंत साडेदहा वाजले. मीटिंगला मी येत नाही असं कळवून टाकलं होतं. घाटात धुकं तसंच होतं. दरवेळी पाय दाबताना माझी नजर आरशाकडे जात होती. ओल्या कठड्यावर लाल उजेड पडायचा आणि पाय काढला की विझायचा. अर्ध्या घाटात मागे एसटी लागली, महाबळेश्वरहून येणारी, भरलेली. अण्णा सीटबेल्टमध्येच अर्धे वळले आणि मागच्या काचेतून बघत राहिले. वळण आलं. मी ब्रेक दाबला. आरशात तिचे दिवे मोठे झाले, आणि मग जिथल्या तिथे राहिले.

“थांबतोय तो,” अण्णा म्हणाले. “दिसतंय त्याला.”